बँड, तबकडी आणि बैठक

पुण्याची थोरवी सांगताना विद्येचे माहेरघर, पेशव्यांची राजधानी अशी बिरुदे पुढे करण्याचा प्रघात आहे. तीन तपांच्या येथील वास्तव्यानंतर आम्हांस मात्र हे शहर सर्वप्रथम ऐकणाऱ्यांचे वाटते. गाणारा कोणत्याही खेड्यात जन्मास येतो. ऐकणारा मात्र घडवावा लागतो, आणि त्यास एक पिढी पुरत नाही. संगीताचे शास्त्रशुद्ध शिक्षण आम्हांस लाभलेले नाही. सेमिनरीत ग्रेगोरियन गायनाचा जो परिचय झाला तेवढीच आमची पुंजी. तथापि ऐकण्याचा छंद आम्हांस या नगरीने लावला, आणि धर्मग्रामाची जबाबदारी शिरावर आल्यावर त्या छंदाचा उपयोग एका अवघड प्रसंगी झाला. त्याविषयी चार शब्द लिहावे, असे मनात आहे.

पंडित भीमसेन जोशी यांच्या बालपणाची एक हकिकत सर्वश्रुत आहे. गदगच्या या शिक्षकपुत्रास वाजंत्री दिसली की घराचे भान उरत नसे. मिरवणुकीच्या बँडमागे हा पोर चालत राही आणि दमला की वाटेतच कोठेतरी झोपी जाई. शोधाशोध करून आणि पोलिसांत वर्दी देऊन थकलेल्या वडिलांनी अखेर त्याच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून ठेवले, म्हणजे सापडेल त्याने घरी आणून सोडावे! पुढे या मुलाच्या कानी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या ठुमरीची तबकडी पडली. असे आपणांस गाता आले पाहिजे, या ध्यासाने १९३३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, त्याने घर सोडले. उत्तर हिंदुस्थान पालथा घालून तो शेवटी आपल्याच मुलखात परतला आणि त्याच खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्यापाशी राहून शिकला. १९५२ साली गुरू निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ साली शिष्याने पुण्यात जो उत्सव आरंभिला, तोच आज सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव म्हणून जगास ठाऊक आहे.

प्रथम रस्त्यावरचा बँड, मग दुकानातली तबकडी आणि शेवटी समोरासमोरची बैठक, अशा तीन पायऱ्या या एका चरित्रात दिसतात. संगीतावर प्रेम करणाऱ्या सामान्य माणसाचाही प्रवास बहुधा याच वाटेने होतो.

बँडचेच पाहू. गोऱ्या पलटणींबरोबर पितळी वाद्ये या देशात आली आणि छावण्यांच्या आसपास राहणाऱ्या लोकांनी ती उचलली. कॉर्नेट आणि क्लॅरिनेट यांवर साहेबाच्या कवायतीची धून वाजत होती, त्यांवर लग्नाची गाणी वाजू लागली. पुण्याच्या गणेश विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड, दरबार बँड ही नावे आजही आदराने घेतली जातात. प्रभात तर १९३८ पासूनचा. आमच्या समाजाचे या वाद्यांशी नाते त्याहून जवळचे. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिदोरीवर कितीएक गोवेकर लष्करी बँडांत, हॉटेलांत आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पोटापाण्याला लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी व्हायोलिन शिकविले, आणि १९५८ साली हिंदुस्थानी राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचे धाडस केले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील ज्या गाण्यात त्यांचे नाव आहे, ते ठाऊक नसलेला माणूस मिळणे कठीण, पण ते नाव एका खऱ्याखुऱ्या संगीतशिक्षकाचे, हे ठाऊक असलेलेही फार थोडे.

वाचकांस गंमत वाटेल, पण बँडवर पोपमहोदयांचाही एक हुकूम आहे. परमगुरू दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे गायकांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, उपासना-संगीताविषयी एक आज्ञापत्र काढले. चर्चमध्ये बँड वाजविण्यास त्यात सक्त मनाई आहे. चर्चबाहेरच्या मिरवणुकीत मात्र महागुरुस्वामींच्या अनुमतीने तो चालेल, ऐहिक चाली वाजवू नयेत एवढीच अट. आमच्या सणांच्या मिरवणुकीत बँड दारापर्यंत येतो आणि दाराशी थबकतो, त्या रीतीमागे ही अशी जुनी शिस्त आहे.

आम्हांस बँडचा एक गुण विशेष भावतो. तो माणसांच्या पावलांनी चालतो. वाटेत म्हातारे मागे पडले तर बँडमास्तर हात वर करतो, मंडळी थांबतात आणि पुन्हा सुरुवात होते. वरातीतील उत्साही पोरांनी फेर धरला की तेच कडवे चार वेळा वाजते. भिंतीएवढे कर्णे ट्रकवर रचून जो आवाज हल्ली रस्त्यांवरून नेला जातो, त्यास मागे कोण राहिले याची दखल नसते.

आता तबकडीचे पाहू. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी ध्वनिमुद्रण केले आणि या देशात तबकडीचे युग सुरू झाले. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे! जो राग तास-दीड तास आळवायचा, तो तीन मिनिटांत बसविण्याची कसरत त्या पिढीच्या गवयांना करावी लागली. लांबलचक संगीतकृती ध्वनिमुद्रित केली की अशा अनेक तबकड्या लागत, आणि छायाचित्रांच्या वहीप्रमाणे त्या पुठ्ठ्याच्या वहीत बांधून विकल्या जात. आज आपण ज्यास ‘अल्बम’ म्हणतो ते नाव त्या वहीवरून पडले. १९४८ साली अमेरिकेत दीर्घकाळ चालणारी तबकडी निघाली, नंतर १९६३ साली युरोपात कॅसेट आली, १९८२ साली चकचकीत सीडी आली, आणि आता तर वस्तूच नाहीशी होऊन केवळ फोनवरची एक यादी उरली. परंतु नाव अल्बमच.

या यंत्राचे उपकार आम्ही विसरू शकत नाही. अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. भीमसेन जोशींना त्यांनी समोर बसवून एक अक्षरही शिकविले नाही. तरी त्या मुलाच्या आयुष्याला दिशा मिळाली ती त्यांच्याच तबकडीमुळे. आम्ही सेमिनरीत होतो तेव्हा आमच्या मजल्यावर सर्वांत मिळून एक कॅसेट प्लेअर होता. कर्वे रस्त्यावर अलूरकर म्युझिक हाऊस नावाचे दुकान होते. तेथे जुन्या मैफलींच्या कॅसेट मिळत. महिन्याच्या तुटपुंज्या हातखर्चातून तिघे मिळून एखादी कॅसेट घेत असू आणि फीत गुंतली तर पेन्सिल घालून ती गुंडाळीत असू. न पाहिलेल्या आणि कधीच न भेटणाऱ्या माणसांचे स्वर त्या फितीतून आमच्या खोलीत आले. तबकडीपाशी एक प्रकारची तितिक्षा आहे. ती कपाटात वर्षानुवर्षे पडून राहते आणि जो अजून जन्मालाही आला नाही अशा श्रोत्याची वाट पाहते.

आणि मग बैठक. रेक्टर फादरांची परवानगी काढून, शाली पांघरून, डिसेंबरच्या थंडीत आम्ही पाच-सहा जण नगर रस्त्यावरून सायकलींनी रमणबाग शाळेच्या पटांगणावर जाऊ लागलो ते नव्वदच्या दशकात. सवाईची शनिवारची रात्र तेव्हा रविवारच्या उन्हापर्यंत चाले. भारतीय बैठकीत हजारो माणसे दाटीवाटीने बसलेली. कोणी डबे आणलेले, कोणाच्या मांडीवर पोर झोपलेले, मागे चहा-वड्याच्या दुकानांची वर्दळ. प्रथम आम्हांस आश्चर्य वाटले ते गाण्याचे नव्हे. एक ज्येष्ठ गायक मंचावर आले आणि तानपुरे जुळवू लागले. पाच मिनिटे झाली, सात झाली. एवढा मोठा जनसमुदाय, पण कोणी चुळबुळ करीना. तार जुळण्याची सर्वांनी मिळून वाट पाहिली. आणि तार जुळली तो क्षण शेवटच्या रांगेतील माणसालाही कळला, कारण सर्वत्र माना एकदम हलल्या.

त्या पटांगणावर आम्हांस कळले की ऐकणे ही स्वस्थ बसून करण्याची गोष्ट नव्हे. शेजारचे आजोबा मांडीवर बोटांनी मात्रा मोजीत होते. समेवर हात पडला की गायकाची नजर क्षणभर त्या बाजूस वळे. कोणास दाद मिळाली, कोठे शांतता पसरली, यावर पुढची तान ठरत होती. पहाटेच्या सुमारास, जेव्हा थंडी हाडांत शिरते आणि डोळे मिटू लागतात, तेव्हा ललत किंवा तोडीचे स्वर कानी येत, आणि रात्र ज्यांनी एकत्र काढली त्यांनाच त्या स्वरांचा अर्थ लागे. संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात सांगतात की मिलान नगरीत संत अँब्रोज यांचा छळ होत असता भाविक मंडळी बॅसिलिकेत रात्रंदिवस जागता पहारा देत, आणि त्यांनी थकून धीर सोडू नये म्हणून तेथे स्तोत्रे गाण्याची प्रथा पडली. चौथ्या शतकातील ते जागरण कसे असेल, याची थोडीशी कल्पना आम्हांस रमणबागेत आली.

या उत्सवाचा शेवट कसा होई, हे ठाऊक नसलेल्या वाचकांस मुद्दाम सांगतो. किराणा घराण्याची थोर मंडळी गाऊन झाली, भीमसेनजींचेही गाणे झाले, की मंच रिकामा होई आणि कर्ण्यांतून सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीची जुनी तबकडी लावली जाई. खरखरीतून येणारा तो बारीक आवाज! नुकतेच त्याच मंचावरून ऐकलेले घनगंभीर स्वर आणि हा दूरचा, जीर्ण स्वर, यांची तुलना मात्र कोणी करीत नसे. मंडळी निमूट ऐकत आणि घरी जात. जिवंत संगीताच्या एवढ्या थोर उत्सवाची सांगता तबकडीने व्हावी, याचे आम्हांस तेव्हा कोडे पडे. पुढे त्या क्रमाचे मोल कळले. शिष्यांनी स्वतः गाऊन मगच गुरूचा आवाज ऐकविला. गुरूचा आवाज आहे म्हणून आपण गाण्याची गरज नाही, असे त्यांना वाटले नाही.

काळ बदलला. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर कर्णे बंद झाले आणि सवाईची रात्रभराची बैठक इतिहासजमा झाली. पहाटेचे राग पहाटे ऐकण्याचे सुख त्याबरोबर गेले, याची हळहळ जुन्या श्रोत्यांच्या बोलण्यात आजही येते. परंतु रुग्ण आणि लेकरे यांच्या झोपेचा विचार करता नियमास दोष देता येत नाही. २०११ साली भीमसेनजी गेले. २०१८ साली उत्सव रमणबागेतून मुकुंदनगरात गेला. याच शहरात २०१० साली कोरेगाव पार्कात ‘वीकेंडर’ नावाचा निराळा मेळा भरला. अनेक मंच, गिटारांचे बँड, उभे राहून ऐकणारी तरुणाई. आमच्या धर्मग्रामातील मुले तेथे जाऊ लागली तेव्हा काही पालक चिंतातुर होऊन आमच्याकडे आले. आम्ही मुलांनाच विचारले, अल्बममधले प्रत्येक गाणे तुम्हांला पाठ आहे, मग एवढे पैसे मोडून तेच ऐकायला का जाता? एका मुलीने उत्तर दिले, “फादर, तिथं गायक मध्येच थांबतो आणि माइक आमच्याकडे करतो. मग आम्हीच गातो.”

ते उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. सवाईचा श्रोता गात नाही, पण त्याच्या ऐकण्यावर गाणे उभे राहते. वीकेंडरचा श्रोता ऐकता ऐकता गाऊ लागतो. रीती निराळ्या, तरी दोन्हीकडे मंचावरचा माणूस समोरच्यासाठी थांबतो. तबकडी युगानुयुगे आपली वाट पाहील. पण एकदा सुरू झाली की ती कोणासाठीही थांबत नाही. हा भेद आम्हांस पुढे फार उपयोगी पडला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि चर्चची दारे मिटली. मिस्सा पडद्यावर गेली. रिकाम्या बाकांसमोर उपासना करताना गीतांच्या जागी आम्ही ध्वनिमुद्रित गीते लावीत होतो. त्या दिवसांत दुसरा इलाज नव्हता. दारे उघडली, पुन्हा मिटली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये कायमची उघडली. परंतु आमचा गायनवृंद परतला नाही. बावीस जणांपैकी दोघे महामारीत गेले, काही उपनगरांत राहावयास गेले, काहींची सवय मोडली. उरल्या चार वयस्क भगिनी आणि पेटी वाजविणारे आमचे मास्तर. तेव्हा धर्मग्राम समितीत सूचना आली की उत्तम ध्वनियंत्रणा बसवावी आणि वाद्यांसह तयार गीते लावावीत. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. गाणे नीटनेटके होईल, बेसूर होणार नाही, खर्चही एकदाच. त्या भगिनींपैकी एक स्वतःच म्हणाल्या, “लावा फादर, काय ते. आम्ही चार म्हाताऱ्या म्हणणार आणि पोरं हसणार.”

नियमाचा आधार घेऊन विषय मिटविणे आम्हांस सोपे होते. सप्टेंबर १९५८ मध्ये, बारावे पायस हयात असता, रोमने काढलेल्या सूचनापत्रात ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिफीत अशी यंत्रे उपासनेत वापरण्यास स्पष्ट बंदी आहे. व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये संगीताची दारे रुंदावली. प्रत्येक लोकसमूहाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा मान राखण्यास सांगितले, आणि म्हणून पेटी-तबला आज आमच्या उपासनेत सन्मानाने नांदतात. १९७३ सालच्या बालकांच्या मिस्सेविषयीच्या मार्गदर्शिकेतही यंत्रातून येणाऱ्या संगीताबाबत सावधगिरीचाच सूर आहे. परंतु नियम वाचून दाखविला तर माणसे गप्प बसतात, गाऊ लागत नाहीत. म्हणून आम्ही त्यांना एका रविवारी केवळ मास्तरांच्या हातांकडे पाहावयास सांगितले.

कडव्याच्या शेवटी त्या चौघींचा श्वास पुरत नसे. मास्तर त्या ठिकाणी शेवटचा स्वर दाबून धरीत. भाता हलके हलके चालू राही. चौघी श्वास घेत, मागच्या बाकावरची मंडळी गाठीत, आणि सर्व आल्याची खात्री झाली की मास्तर पुढचे कडवे उचलीत. कधी हा थांबा क्षणभराचा, कधी दोन-तीन मात्रांचा. तयार ठेक्यात हे व्हावयाचे नाही. तेथे ठेका पुढे जातो आणि माणसे मागे राहतात. मागे राहिलेली माणसे दोन-चार आठवड्यांनी तोंड मिटून घेतात. गाणे निर्दोष होते, पण ते आपले उरत नाही. संत ऑगस्टीन यांनीही स्वरांच्या गोडीत अर्थ हरवण्याची धास्ती घेतली होती, आणि तरीही गायन चालू ठेवावे असाच कौल दिला. कारण ख्रिस्ती जीवनाच्या आरंभी त्या गायनाने आपल्या डोळ्यांत आणलेले अश्रू त्यांना आठवत होते.

यंत्रणेचा प्रस्ताव समितीने बाजूस ठेवला. खरी कसोटी मात्र पुढे लागली. गेल्या वर्षी मास्तर प्रभूच्या घरी गेले. नव्वदच्या दशकात नाताळापूर्वी गायनवृंदाने एक कॅसेट भरली होती. तीत मास्तरांचा ऐन उमेदीतला आवाज आहे. मुलाने ती फोनवर उतरवून आणली होती. अंत्यविधीच्या मिस्सेत केवळ तीच लावावी, अशी त्याची विनंती. “फादर, बाबांचाच आवाज आहे. दुसऱ्या कुणाचं गाणं आज नको,” असे म्हणताना त्याचा कंठ दाटला. शोकाकुल पुत्रास नाही म्हणणे कोणासही जड जाते. आम्ही त्यास जवळ बसवून सवाईच्या सांगतेची रीत सांगितली. मिस्सेत आपण सर्वांनी गाऊ या, जसे जमेल तसे. दफनभूमीत शेवटची माती पडल्यावर बाबांचा आवाज ऐकू या. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पेटी कोण वाजवील?”

पेटी वाजविली वीकेंडरला जाणाऱ्या त्या मुलीने. तिला कीबोर्ड येत होता, भात्याची सवय नव्हती. पहिले गीत डगमगले. दुसऱ्या गीताच्या कडव्याशेवटी मात्र तिने स्वर दाबून धरला आणि मान वळवून चौघी भगिनींकडे पाहिले. त्यांचा श्वास झाला तेव्हाच ती पुढे गेली. हे तिला कोणी शिकविले नव्हते; इतकी वर्षे बाकावर बसून तिने ते ऐकले होते. दफनभूमीत फोनमधला बारीक आवाज वाऱ्यावर विखुरत होता. त्याच गीताच्या ध्रुवपदाला मागून कोणीतरी सूर धरला आणि हळूहळू सारे गाऊ लागले. आवाज मास्तरांचा होता आणि आमचाही होता.

सुज्ञ वाचकहो, आपल्या घरांत आता गीतांचा तोटा नाही. खिशातील फोनवर जगातील सर्व अल्बम आहेत. ते जरूर ऐकावेत, लेकरांना ऐकवावेत. एखादी तबकडी एखाद्या अकरा वर्षांच्या पोराला घराबाहेर काढून गुरूच्या दारी नेऊ शकते. परंतु वर्षातून एकदा तरी लेकरास मैफलीत नेऊन मांडी घालून बसवावे, बँड जात असेल तर खिडकी न लावता त्यास दाराशी उभे करावे, आणि रविवारी गीताच्या वेळी आपले तोंड उघडावे. आमच्या गायनवृंदात आता नऊ जण आहेत. सराव गुरुवारी सायंकाळी सातला असतो. सूर नसलेल्यांनीही यावे, आम्ही थांबू.